दोन घरचं बेणं

आईचा फोन आला तेव्हा टीव्हीवर एक मंत्री कोंबडीची तंगडी खात होते. खात होते म्हणजे काय, कॅमेऱ्याकडे बघत लचका तोडत होते आणि बाजूचे चार जण आपापली प्लेट छातीशी धरून हसत होते. नीट शिजवलेलं चिकन खायला काही धोका नाही, जनतेने घाबरू नये, अशी पट्टी खाली सरकत होती. त्याच पट्टीत थोडं पुढे कुठल्या कुठल्या जिल्ह्यात बर्ड फ्लूमुळे कोंबड्या मारून पुरायचं काम सुरू झालंय, तेही सरकत होतं. आमचे हे जेवता जेवता म्हणाले, "खा बी म्हणत्यात आन् पुरा बी म्हणत्यात." मी आवाज बारीक केला आणि फोन घेतला.

आईच्या घरात रेंज येत नाही. खळ्याच्या कडेला जाऊन उभं राहावं लागतं, म्हणून ती फोनवर इकडचं तिकडचं बोलत बसत नाही. "माज्या समद्या गेल्या," ती म्हणाली. "मानमोडी आली व्हती. एक बी न्हाई ऱ्हायली. तुज्यातली जोडी धाड."

मानमोडी हा कोंबड्यांचा जुना रोग. मान वाकडी होते, पंख गळतात आणि आठवडाभरात खुराडं रिकामं होतं. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्याच्याही वर. तिकडे भात, नाचणी आणि दारात कोंबड्या, एवढाच संसार. मानमोडी दर काही वर्षांनी येणारच, हे तिकडच्या बायकांना पक्कं ठाऊक, म्हणून कोंबडीचं बेणं कुणी एका घरात ठेवत नाही. मुलगी सासरी रुळली की आई तिच्याकडे एक तलंग आणि एक कोंबडा पोचवते. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. हा आहेर नव्हे. ती जोडी लेकीची असते आणि आईचीही असते. आईकडचं संपलं तर लेकीकडून परत जायचं, लेकीकडचं संपलं तर आईकडून यायचं. माझ्याकडच्या कोंबड्या एकदा मुंगसाने संपवल्या, तेव्हा भाऊ बांबूच्या डालग्यात जोडी घालून एसटीने आला होता. कंडक्टरने डालग्याचंही तिकीट फाडलं, ते भाऊ अजून सांगतो.

आमच्या कोंबड्या शेंडीच्या. कबऱ्या, बुटक्या आणि डोक्यावर पिसांचा झुबका. आईने त्या तिच्या आईकडून आणलेल्या. दिसायला काही खास नाहीत, अंडीही बेताची. पण अंड्यांवर खुडूक बसली की हलायची नाही, आणि घार आली तर पिल्लं पोटाखाली घेऊन मान वर काढून शिव्या द्यायची. माझ्या सासरची माणसंही मूळची तिकडचीच. गाव धरणात गेलं आणि बदल्यात आळेफाट्याच्या अलीकडे कालव्याखाली जमीन मिळाली. त्यामुळे आमच्या आळीतल्या बऱ्याच बायका डोंगरातल्या आणि बेणं दोन घरी ठेवायची रीत आळीत सगळ्यांना माहीत. माझ्या थोरल्या जावेकडच्या कोंबड्याही माझ्याच खुडूक कोंबडीखालच्या.

मी आईला म्हटलं, "रविवारी घेऊन येते."

"रविवारी नक्की ये," ती म्हणाली. खुराडं रिकामं असलं की तिला घर खायला उठतं. माणसं कमी झाली तेव्हा तिने इतका त्रागा केला नव्हता.

रविवार उजाडायच्या आत कालव्यापलीकडच्या शेडमधल्या कोंबड्या मरायला लागल्या. शेडचा मालक गावातलाच. दोन लांबलचक शेड, आत पांढऱ्या कोंबड्या, दारात पाटी: परवानगीशिवाय आत येऊ नये. पूर्वी तो माझ्या अंगणात थांबून म्हणायचा, "वहिनी, ह्या शेंडीवाल्यांना काय दाणे घालता राव, नुसत्या शोभेच्या दिसत्यात." तो आता गावात दिसेनासा झाला. फोन उचलेना. त्याच्या शेडकडून वारा आला की नाकाला पदर लावावा लागे. आणि भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याचे टेम्पो भरून निघत होते. जाळीतून पांढऱ्या माना बाहेर आलेल्या, काही सरळ, काही लोंबत्या.

जनावरांचे डॉक्टर आले, नमुने घेतले, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले. मी अंगणवाडी सेविका. सरकारला गावात काहीही करायचं असलं की पहिली हाक मला. मूल मोजायचं, म्हातारी मोजायची, कोरोनात बोटाला चिमटा लावून श्वास मोजायचा. तेव्हा कोंबड्याही माझ्याकडेच येणार होत्या. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, हे टेम्पो चाललेत ते?"

"ताई, रिपोर्ट आल्याशिवाय आपल्याला कुणाला अडवता येत नाही," ते म्हणाले. "उगाच पॅनिक नको."

माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाचा राग येतो आणि जातो. चांगल्या माणसाने असं शांतपणे सांगितलेलं मात्र डोक्यातून जात नाही.

रिपोर्ट आला तोवर शेड जवळजवळ मोकळी झाली होती. मग मात्र सरकार खडबडून जागं झालं. शेडभोवती नकाशावर गोल काढला. गोलाच्या आतली प्रत्येक कोंबडी मारायची, घरची असो की शेडची, आजारी असो की ठणठणीत. आमची आळी गोलाच्या आत. गावातून कोंबडी बाहेर न्यायची नाही, आत आणायची नाही. दवंडीची गाडी फिरली. कालपर्यंत जाळीतल्या कोंबड्या घेऊन टेम्पो गेले त्याच रस्त्यावर नाका लागला, आणि नाक्यावर दूधवाल्याच्या किटल्या उघडून बघायला लागले.

मला सांगितलं, "ताई, घरोघर जाऊन समजावा. तुमचं ऐकतात." मी गेले. पाखराचा रोग माणसाला होऊ शकतो, लहान पोरं कोंबड्यांत खेळतात, एका घराने लपवली तर सगळ्या आळीला भोगावं लागेल. सगळं खरंच होतं. मला ते पटलेलं होतं, म्हणूनच मला ते चांगलं सांगता आलं.

आईचा फोन आलाच. कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं होतं.

"ते यायच्या आत पोराला धाडते मोटारसायकलवर," ती म्हणाली. "जोडी पिशवीत घालून दे. पिशवीला भोकं पाड, मंजी झालं."

"आई, बंदी आहे."

"तुज्या कोंबड्या आजारी हायत का?"

"नाहीत. पण आजार आधी दिसत नाही. तिकडे आला तर अख्ख्या वाडीच्या मरतील."

"माज्याकडं हाय काय मरायला?"

"शेजारणींकडे आहेत ना."

ती म्हणाली, "मी तुज्याकडं मागितल्यात. सरकारकडं न्हाई मागितल्या." आणि फोन ठेवला.

मी रडले नाही. मला राग आला होता. मी बरोबर बोलत होते आणि ती अडाणी, असं मला वाटत होतं. बरोबर मी अजूनही होते असंच म्हणते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

आळीत गुपचूप हालचाल सुरू झाली होती. डोंगरातली बाई संकट आलं की काय करणार? बेणं दुसऱ्या घरी पोचवणार. तिला दुसरं शहाणपण कुणी शिकवलेलंच नाही, आणि इतकी वर्षं तेच शहाणपण कामाला आलं. फक्त हा रोग नेमका तसाच, एका घरून दुसऱ्या घरी जाणारा. जाऊ सकाळीच आवरून एसटीला निघाली होती. हातात दोन मोठ्या पिशव्या, वर मेथीची जुडी. मेथी हलत होती.

"बाई, कुठं?" मी विचारलं.

"घोडेगावला. लेकीकडं. नातवाला बरं न्हाई."

"मेथीला पण बरं नाही वाटतं."

ती हसली नाही. "तू सरकारचं काम करतीस ते कर," ती म्हणाली. "मी माजं करते. नाक्यावर सांगायचं आसंल तर सांग."

मी सांगितलं नाही. पण पिशवीला हात घातला आणि म्हटलं, ह्यातून तिकडे रोग गेला तर तुझ्या लेकीच्या दारात कोंबड्या मारायला पांढऱ्या कपड्यांची माणसं उभी राहतील. तिने माझा हात बाजूला केला. जोरात नाही. लहान पोराचा करतात तसा. आडवाटेने उसातून ती पुढच्या थांब्यावर गेली, एवढं मला नंतर कळलं. चार दिवस आम्ही बोललो नाही.

मारायच्या दिवशी माणसं आली ती दहा वाजता. आदल्या संध्याकाळी कोंबड्या झाकल्या की खुराडी उघडू नका, असा निरोप मीच फिरवला होता. पण बायकांनी सकाळीच खुराडी उघडून दिली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एकजात सगळ्यांनी उघडली. कोंबड्या उसात, बांधावर, गोठ्याच्या पत्र्यावर. पांढऱ्या अंगरख्यातली माणसं त्यांच्यामागे धावायला लागली. एक जण पाटात पडला. एक कोंबडा जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीच्या टपावर चढून आरवला. पोरंटोरं खिदळत होती, बाया पदराआड हसत होत्या. त्या सगळ्या प्रकारात मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

खुराडं बंद होतं ते फक्त माझं.

त्यांना कुठून तरी सुरुवात करायची होती. माझ्याकडून केली. आत अंधार असल्यामुळे कोंबड्या गप्प होत्या. दार उघडल्यावर त्यांना वाटलं मीच दाणे घेऊन आले. कबरी पुढे आली. ती माझ्या पायाशी आली, त्यांच्या नाही. मी तिला उचलून दिलं. मग एकेक करून सगळ्याच दिल्या, कारण त्यांनी ओढून काढल्या असत्या तर जास्त ओरडल्या असत्या. कोपऱ्यात टोपलीत एक खुडूक बसलेली होती. अंड्यांत पिल्लं भरली होती, कानाला लावलं की आतली टकटक ऐकू यायला लागली होती. पथकाचे साहेब म्हणाले, "अंडीपण." मी म्हटलं, "हिला तरी मी उचलणार नाही." मग त्यांच्यातल्या एकाने टोपलीसकट उचलली. ती शेवटपर्यंत अंड्यांवरून उठली नाही. पाण्याच्या टाकीमागे खड्डा काढला होता. पुढचं मी लिहीत नाही.

मग साहेब मला म्हणाले, "ताई, तुम्हीच बोला ह्यांच्याशी. आम्ही संध्याकाळपर्यंत असं पळत नाही बसू शकत."

मी बोलले. समाजमंदिराच्या ओट्यावर उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या गेल्या. तुम्ही बघितलंत. आता तुमच्या द्या." एवढंच. कुणी हसलं नाही. एक म्हातारी उठली, दारात गेली आणि तिने दाणे टाकून कोंबड्यांना हाक मारली. ती-ती-ती-ती. मग दुसरीने मारली, मग सगळ्या आळीत ती हाक सुरू झाली. कोंबड्या उसातून पळत पळत घरी आल्या. कोंबडी सरकारला सापडत नाही, पण घरच्या बाईने बोलावलं की येते. ज्या बाया सकाळी हसत होत्या त्यांनी स्वतःच्या हाताने पकडून दिल्या. साहेबांनी जाताना माझं कौतुक केलं. अशा सेविका प्रत्येक गावात पाहिजेत, म्हणाले. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. मला वाटलं चौकशीला केला असेल. ती म्हणाली, "घोडेगावच्या बाजारात पांढऱ्या कोंबड्या आल्या व्हत्या. तुमच्याकडच्या टेम्पोतल्या. लई स्वस्त. वाडीतल्या बाया पिशव्या भरून घेऊन आल्या." आणि वर म्हणाली, "त्या चालत्यात व्हय सरकारला?"

ज्या वाडीत माझी जोडी रोग नेईल म्हणून मी आईला नाही म्हटलं, त्या वाडीत रोगाच्या शेडमधल्या कोंबड्या बाजाराच्या पिशवीतून चढून गेल्या होत्या, आणि माझ्या मात्र टाकीमागे चुन्याखाली होत्या. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पुढे कळवतो म्हणून सांगितलं. कळवलं असेल. वाडीत कुणी गेलं नाही. वाडीत काही झालंही नाही, त्या कोंबड्या लोकांनी खाल्ल्या आणि जिरवल्या. नशिबाने वाचले सगळे. पण नशिबावरच चालवायचं होतं तर गोल कशाला काढला?

महिन्याभराने डॉक्टर रस्त्यात भेटले. गाडीची काच खाली करून म्हणाले, "ताई, तुमच्या आळीतले नमुने निगेटिव्ह आले हं. एकालाही नव्हता." चांगली बातमी सांगावी तसं सांगितलं. गोलाच्या आतल्या मारायच्याच असतात, रोग असो नसो, नियमच तसा, हे मला आधीपासून माहीत होतं. मीच तर घरोघर सांगितलं होतं. तरी त्या काचेत मला दगड घालावासा वाटला. पुढे तालुक्याच्या गावी कोंबडीविक्रेत्यांनी मांडव घालून फुकट चिकन वाटलं, भीती जावी म्हणून. लोकांनी रांगा लावल्या. आमच्या शेडवाल्याने शेड धुऊन, चुना मारून पुन्हा भरली. पाटी नवी केली. आळीतल्या बायकांच्या खात्यावर भरपाई आली, देशी पक्षी म्हणून. बायका मला काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांच्यापैकी कुणीही नंतर कुठल्याच कामाला माझं सांगणं पहिल्या फेरीत ऐकलं नाही, आणि मला त्यांना दोष देता येत नाही.

दसरा झाल्यावर मी माहेरी गेले. रिकाम्या हाताने. वाटभर आईला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव चालली होती. अंगणात पाय टाकला आणि थांबले. खळ्यात शेंडीच्या कोंबड्या चरत होत्या. एक कबरी, एक कोंबडा, आणि मागे पिल्लांचा घोळका, काहींच्या डोक्यावर आत्ताच झुबका दिसायला लागलेला. मी खाली बसले. बेणं संपलेलं नव्हतं. इतके महिने मी मेलेलं धरून चालले होते आणि ते इथे नाचणीच्या कोंड्यात पाय मारत होतं.

"तुज्या जावंनं धाडल्या," आई दारातून म्हणाली. "तिच्या लेकीकडं ऱ्हायल्या व्हत्या न्हाई का. तिची लेक सोता घेऊन आली. बाई लई चांगली तुजी जाव."

जाऊ रोज माझ्या दारावरून पाण्याला जाते. मला तिने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. माझा चांगुलपणा राखायला की मला शिक्षा म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही.

जेवणं झाली. आई बरी बोलत होती, भाताचं, भावाच्या पोरांचं, वाडीच्या नव्या रस्त्याचं. मी धीर केला. पिल्लांकडे बघत म्हटलं, "आई, ह्यातली एखादी तलंग होऊ दे जरा मोठी. कोंबडा नसला तरी चालेल. मी घेऊन जाईन. बेणं दोन घरी असलेलं बरं."

ती तांदूळ निवडायचं सूप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही. तिने राग केला असता तर मी भांडले असते.

"दोन घरी हाय," ती म्हणाली. "हितं हाय, आन् जावंच्या लेकीकडं हाय. तुज्याकडं न्हाई ठिवायचं आता. कुनी येऊन मागितलं की तू देशील."

"आई, मला द्यावंच लागलं."

"व्हय," ती म्हणाली आणि सूप परत उचललं.

मी तिला टेम्पोचं सांगू शकले असते, नियमाचं सांगू शकले असते, जावेच्या पिशवीत रोग असता तर आज ह्या खळ्यात काय असतं तेही. ते सगळं खरंच आहे. पण ज्याच्या बाजूने मी तेव्हा उभी राहिले त्या सरकारला ह्या खळ्यातली एकही कोंबडी ओळखता आली नसती, आणि आईने मला बरोबर ओळखलं होतं.

निघताना तिने माझ्या हातात फडक्याची पुरचुंडी दिली. आत अंडी होती. तिने तोंडाने काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. आळीत एका घरी आता नवी कोंबडी खुडूक होती, तिच्याखाली ठेवता आली असती. बोलायला जड जातं म्हणून आई असं मुकाट्याने देतेय, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. एसटीत खिडकीची जागा सोडली आणि हादरे कमी लागतात म्हणून पुढे जाऊन बसले. पुरचुंडी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. घाटाच्या वळणावर गाडी कलली तेव्हा एकही फुटलं नाही ना म्हणून मी गाठ सोडून बघितलं. अंडी अजून कोमट होती. एकाचं टरफल तडकलं होतं आणि आतला पांढरा घट्ट बलक दिसत होता. शेजारी कागदात मिठाची पुडी बांधलेली होती.